गर्भसंस्कार वर्ग, सांगली: फी ८५००, तेल फुकट

बारा सत्रांचे ८५०० रुपये आईने हौसेने भरले. मी पाचव्या सत्रानंतर सोडलं. नाव लिहीत नाही. बोर्डावर 'सुप्रजा' दिसलं की ओळखाल.

चांगलं आधी. हॉल हवेशीर, खाली बसायला जाड गाद्या, आणि श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या ताई उत्तम. माझी कंबर खरंच हलकी झाली. डिंकाचा लाडूसुद्धा छान. तेवढ्यासाठी दोन स्टार.

बाकी सगळा मामला पडद्यावरच्या चित्रांचा. गोरं, घाऱ्या डोळ्यांचं बाळ, त्याखाली 'हवं तसं मूल'. आमच्या गाद्यांवर बसलेल्या दहाजणींत एकही घाऱ्या डोळ्यांची नव्हती, पण ते असो. पाचव्या सत्रात 'सदोष संतती' आली. मॅडम म्हणाल्या, आईचे विचार शुद्ध नसले की मूल मुकं-बहिरं निपजतं, जर्मनीत हे सिद्ध झालंय. शेजारी आई बसली होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

माझा दादा जन्मापासून बहिरा आहे. आई दोन महिन्यांची गरोदर असताना तिला अंगावर पुरळ आलं, ताप आला; तो रुबेला होता हे डॉक्टरांनी पुढे सांगितलं. तेव्हा गावात कुणी लस ऐकलीही नव्हती. गोवर-रुबेलाची मोहीम महाराष्ट्रात २०१८च्या नोव्हेंबरात आली. ही लस गरोदरपणात देत नाहीत, आधीच घ्यावी लागते. पाच सत्रांत रुबेला हा शब्द एकदाही निघाला नाही. विचारलं, तर 'नकारात्मक बोलू नका.'

जर्मनीचं म्हणाल तर तिथे १९३३ साली कायदाच झाला. आनुवंशिक ठरवलेले आजार असणाऱ्यांची सक्तीने नसबंदी करायची, त्या यादीत बहिरेपणही होतं. सुमारे ४ लाख माणसांवर ती झाली. त्याच्या थोडंच आधी आपल्या इरावती कर्वे बर्लिनला कवट्या मोजत होत्या, आणि कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशावरून ठरतो हे आपल्या मार्गदर्शकाचं म्हणणं मोजमापात काही बसेना, असा निष्कर्ष काढून परतल्या. मॅडमना हे सांगायला गेले, तर म्हणाल्या, पुढच्या सत्राला ॐकार आहे.

उरलेल्या सात सत्रांचे पैसे मागितले. 'फी परत मिळत नाही' म्हणून दोन बाटल्या तेल हातात दिलं. नाभीला लावायचं म्हणे.

मला न्यायला दादा स्कूटी घेऊन बाहेर उभा होता. घरी आल्यावर त्याने एक बाटली आमच्या फाटकाच्या बिजागरीला ओतली, फाटक दोनदा उघडझाप केलं आणि कुरकुर थांबली का, हे मला खुणेने विचारलं.