मोलर वस्तुमान काढताना अणुवस्तुमान पूर्णांकात घ्यावं की दशांशात?

मोलर वस्तुमान म्हणजे सूत्रातल्या सगळ्या अणूंच्या अणुवस्तुमानांची बेरीज, ग्रॅममध्ये. ती करताना अकरावीतल्या भाचीला पडलेला प्रश्न: हायड्रोजन १ धरू की १.००८?

मेहनतीत पूर्णांक सरस. मोरचूद घ्या, म्हणजे स्फटिकात पाणी धरून ठेवणारं कॉपर सल्फेट (CuSO₄·5H₂O). तांबं ६४, गंधक ३२, चार ऑक्सिजनचे ६४, शिवाय स्फटिकजलाचे पाच रेणू म्हणजे ९०. तोंडी बेरीज २५०. दशांश धरून २४९.६८ येतात, पण त्याला कागद लागतो. (पाचही पाणी विसरणारे बरेच. तिथे दोन्ही पद्धती सारख्याच बुडतात.)

अचूकतेत मात्र क्लोरीन गोची करतो. त्याचं अणुवस्तुमान ३५.४५, कारण निसर्गात ३५ आणि ३७ या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंचं) मिश्रण असतं. ३५ धरलं तर कार्बन टेट्राक्लोराइड १५२ येतं, खरं १५३.८१. चूक चार अणूंनी गुणली जाते! म्हणून पूर्णांकवालेही क्लोरीन ३५.५ च घेतात.

मधल्या पायरीत आकडे राउंड ऑफ करणं दोन्हीकडे टाळावं.

परीक्षेत प्रश्नपत्रिकेत दिलेले आकडे घ्यावेत, ते नसतील तर क्लोरीन ३५.५ ठेवून बाकी पूर्णांक. मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर द्रावण बनवायचं असेल तर दशांशच.