कार सीट घेताय? आधी कव्हर काढून दाखवायला सांगा

लहान मुलांची कार सीट कुणी 'डिस्प्ले पीस आहे, बॉक्स नाही, म्हणून कमी किमतीत देतोय' असं सांगून विकत असेल, तर पैसे देण्याआधी तिचं कव्हर पूर्ण काढून दाखवायला सांगा. दुकानदार आढेवेढे घेऊ लागला तर तिथून सरळ निघा. नागपुरातल्या एका दुकानाने आम्हाला जुनी, तडा गेलेली आणि भलत्याच वजनगटाची सीट नवी म्हणून विकली. तक्रार सुरू असल्यामुळे दुकानाचं नाव लिहीत नाही. बाकी सगळं सांगते, कारण त्या सीटवर बसून आमची लेक समृद्धी महामार्गावरून गेली आहे. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

ओवी दीड वर्षाची होत आली तशी तिची पहिली सीट, ती हँडल असलेली, पुरेनाशी झाली. ती १३ किलोपर्यंतची होती. ओवीचं वजन साडेअकराच, पण डोकं सीटच्या वरच्या काठाला आलं होतं. पाय दुमडायला लागले की सीट लहान झाली, असं बऱ्याच आईवडिलांना वाटतं. मुलं पाय दुमडून छान बसतात, त्याने काही बिघडत नाही. बघायचं ते डोकं. ते काठाच्या वर जायला लागलं की वजन काहीही असो, सीट बदलायची.

पुढची सीटही मला रिअर फेसिंगच हवी होती, म्हणजे मुलाची पाठ गाडीच्या पुढच्या बाजूला. या वयात मुलांचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं आणि जड असतं, मानेची हाडं अजून पुरती भरलेली नसतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचं धड पट्ट्यांत अडकतं आणि डोकं पुढे फेकलं जातं, सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर पाठ, मान आणि डोकं तिन्ही एकाच वेळी सीटच्या पाठीवर दाबली जातात. युरोपच्या आर१२९ या नव्या नियमात १५ महिन्यांपर्यंत रिअर फेसिंग सक्तीचं आहे आणि स्वीडनमध्ये तर मुलांना चार वर्षांपर्यंत तसंच बसवायची पद्धत आहे.

घरात थोडी चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, "काऊन बापा, मांडीवर घेतलं तर काय होते?" त्यांनी आपली मुलं मांडीवर घेऊनच अमरावती-नागपूर केलं, त्यांचं म्हणणं मी समजू शकते. पण तेव्हाचा रस्ता वेगळा होता. माझी बहीण छत्रपती संभाजीनगरला असते. पूर्वी त्या वाटेवर निम्मा वेळ गावं आणि गतिरोधकांत जायचा. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धीचा शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाला आणि आता तिथे गाड्या १२० च्या वेगाने धावतात. साध्या ५० च्या वेगात धडक बसली तरी दहा-बारा किलोचं मूल हातात धरून ठेवणं कुणाच्याही आवाक्यातलं नाही. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्याच म्हणाल्या, "मग चांगलीच आणा, स्वस्तातली आणू नका."

दुकानदाराशी आधी व्हॉट्सअॅपवर बोलणं झालं. मी मुलीचं वजन, उंची, गाडीचं मॉडेल कळवलं, आणि आमच्या जुन्या गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे बेल्टशिवाय सीट थेट गाडीला अडकवायचे हूक नाहीत, सीट गाडीच्या बेल्टनेच बसवावी लागेल, हेही लिहिलं. त्याचं उत्तर आलं: "इंपोर्टेड आहे ताई, ० ते ३६ किलो, रिअर फेसिंग १८ किलोपर्यंत, एकदम ब्रँड न्यू." हे मेसेज मी जपून ठेवलेत.

दुकानात गेल्यावर सीट खरंच नवी दिसत होती. करड्या रंगाचं कोरं कव्हर, त्याला नव्या कापडाचा वास. मी बनल्याची तारीख विचारली. त्याने बाजूला चिकटवलेला स्टिकर दाखवला, त्यावर २०२३ छापलेलं होतं. युरोपियन मान्यतेचं लेबल विचारलं. तेही होतं: केशरी रंगाचं, गोलात 'ई', खाली क्रमांक, 'युनिव्हर्सल' हा शब्द आणि ०-३६ किलो. बॉक्स आणि माहितीपुस्तिका मागितली तर म्हणाला, शोरूमला लावलेला पीस आहे, बॉक्स गोदामात फाटला, पुस्तिका पीडीएफ पाठवतो. नऊ हजार सांगितले. कच्चं बिल देत होता, आम्ही पक्कंच मागितलं, तेव्हा 'बेबी कार सीट, १ नग' एवढंच लिहून दिलं. मॉडेल, सिरियल नंबर काही नाही. "लिहायची पद्धत नाही ताई, आजपर्यंत कुणी मागितलं नाही."

सीट गाडीत बसवूनही त्यानेच दिली. गाडीचा बेल्ट पुरेना. लहान गाड्यांमध्ये हे होतं, रिअर फेसिंग सीटला बेल्ट फिरवून आणायला लांबी जास्त लागते. त्याने दोन-तीन वेळा ओढून पाहिलं आणि मग बेल्ट सीटच्या पाठीमागच्या एका खाचेतून काढून खटकन लावून दिला. "या मॉडेलमध्ये असाच येतो," म्हणाला. मी सीट हलवून पाहिली, घट्ट वाटली. सीट घट्ट असली तरी बेल्ट चुकीच्या वाटेने गेलेला असू शकतो, हे त्या दुकानदाराला पक्कं ठाऊक होतं. त्या खाचेजवळचं कापड त्याने हाताने दाबून धरलं होतं ते का, हे आम्हाला नंतर उमगलं.

संभाजीनगरहून परत येताना ओवीला उलटी झाली. घरी आल्यावर कव्हर धुवायला काढायचं ठरवलं. ते निघता निघेना. बहुतेक सीटचं कव्हर इलास्टिकने आणि हुकांनी बसवलेलं असतं, पंधरा मिनिटांत निघतं. हे मात्र खालून दोऱ्याने टाचून टाकलं होतं. कात्रीने टाके उसवले आणि आतली सीट पहिल्यांदा उघड्यावर आली.

प्लास्टिक पिवळसर पडलेलं. डोक्याच्या बाजूला जो थर्माकोलचा थर असतो, धडकेचा जोर शोषायला, त्याचा डावीकडचा तुकडा तुटून तपकिरी चिकटपट्टीने परत चिकटवलेला. पाठीच्या मधोमध, पट्ट्या जिथून आत जातात त्या खाचेपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ. प्लास्टिक जोरात वाकून ताणलं गेलं की अशी पांढरी खूण उमटते. नख फिरवलं तर एका जागी नख अडकत होतं, तिथे तडा होता. पट्ट्यांची कड एका बाजूने कुरतडल्यासारखी सुटलेली. आणि बुडाशी, प्लास्टिकमध्येच ओतलेलं एक छोटं वर्तुळ: कडेने १ ते १२ आकडे, मध्ये बाण, बाणाच्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ३. हे त्या भागाच्या बनण्याचा महिना आणि वर्ष सांगणारं घड्याळ असतं. बाण ९ वर होता. सप्टेंबर २०१३.

हे वर्तुळ कुणाला पुसता येत नाही, बदलता येत नाही. स्टिकर कुठल्याही छापखान्यात होतो.

मग मी तो केशरी स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून सोलला. खाली मूळ लेबल खरवडलेलं होतं, पण घाईने. वजनाचा आकडा शिल्लक होता: ९-१८ किलो. म्हणजे ही सीट ० ते ३६ ची कधी नव्हतीच. बेल्टच्या वाटेच्या खुणा शोधल्या. युरोपच्या आर४४ या जुन्या नियमाखालच्या सीटवर पुढे तोंड करून बसवायची वाट लाल रंगाने दाखवतात आणि मागे तोंड करून बसवायची निळ्या. आमच्या सीटवर दोन्ही बाजूंना फक्त लाल खुणा होत्या. सीट बसवताना त्यातल्या एकीवरच दुकानदाराचा हात होता. निळी खूण कुठेच नाही, कारण ही सीट मागे तोंड करून बसवण्यासाठी बनवलेलीच नव्हती. प्लास्टिकवर कोरलेला मॉडेल नंबर फोटोसकट मूळ कंपनीला ईमेलने पाठवला. त्यांनी तेच कळवलं: हे मॉडेल फक्त पुढे तोंड करूनच वापरायचं, आणि इतकी जुनी सीट वापरू नका.

जुनी सीट चालत का नाही, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. कंपन्या साधारण ६ ते १० वर्षांची मुदत देतात. प्लास्टिक ऊन-थंडीने कडक होत जातं, आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ असताना बंद गाडीच्या आत काय होतं ते बकलला हात लावलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. धडक बसलेली सीट तर बाहेरून ठणठणीत दिसली तरी परत वापरायची नसते. ती एका धडकेसाठीच असते.

दुकानात परत गेलो तेव्हा त्याने आधी सीट आपली नाहीच म्हणून पाहिलं. बिल आणि मेसेज दाखवल्यावर म्हणाला, आम्ही पण मुंबईहून असाच लॉट घेतो. मग बिलाच्या तळाशी बोट ठेवलं: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' शेवटी नवऱ्याला बाजूला घेऊन, "सर, पोलीस सीटसाठी थोडीच पकडतात नागपुरात, कशाला एवढं मनावर घेता?"

त्या शेवटच्या वाक्याने माझा फार संताप झाला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब खाली, १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड आहे, हे खरं. पण कुणीही आई हजार रुपये वाचवायला सीट घेत नाही.

बिलावरच्या त्या ओळीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. बिल न देणंही त्याच व्याख्येत येतं. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यातून मार्ग निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि दोन वर्षांची मुदत असते. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. पुरावा म्हणून पक्कं बिल, सगळे मेसेज आणि कव्हर काढलेल्या सीटचे फोटो लागतात. फोटो काढताना ते तारखेचं वर्तुळ आणि स्टिकर एकाच चौकटीत येतील असे काढा.

ओवीसाठी मग आम्ही दुसरीकडून सीट घेतली. सीलबंद बॉक्स आमच्यासमोर फोडायला लावला, बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घेतला, लेबलवरच्या नंबराशी ताडून पाहिला. युरोपियन सीट असेल तर गोलातल्या 'ई'च्या शेजारी देशाचा आकडा असतो, आणि आर४४ च्या चौथ्या आवृत्तीची मान्यता असेल तर क्रमांक ०४ ने सुरू होतो. आर१२९ असेल तर वजनगटाऐवजी सेंटिमीटरमध्ये उंची लिहिलेली असते. भारतीय बनावटीची असेल तर एआयएस-०७२ या मानकाचा उल्लेख बघा. गाडीत बसवताना निळी वाट कुठे आहे ते आधी विचारलं. बेल्ट पुरला, पुढच्या सीटला टेकली नाही. रिअर फेसिंगमध्ये पट्ट्या खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून याव्या लागतात आणि खांद्याजवळ पट्टी चिमटीत धरता येऊ नये, तेवढ्या त्या आवळायच्या. एवढं सगळं होईपर्यंत ओवी त्यात झोपून गेली होती.

त्या दुकानदाराचा हेल्पलाइनवरून निरोप आला: सीट परत आणा, पूर्ण पैसे घेऊन जा. मी हो म्हटलं, फक्त एक अट घातली. त्याच्यासमोर पट्ट्या कापून आणि पाठीवर मार्करने 'वापरू नका' लिहून मगच सीट त्याच्या हातात देईन. तो तयार नाही. "मग माल माझ्या काय कामाचा?" असं त्याने विचारलं आणि त्याच प्रश्नाने माझा निर्णय पक्का झाला. नऊ हजार आमच्यासाठी लहान रक्कम नाही. पण ती सीट तशीच परत गेली तर नवं कव्हर चढवून, २०२५ चा स्टिकर लावून, आणखी कुणाच्या तरी मुलाखाली जाणार. म्हणून ती अजून आमच्याकडेच आहे आणि आता प्रकरण आयोगापुढे नेतो आहोत.

नागपुरात कुणी 'डिस्प्ले पीस' म्हणून करड्या कव्हरची सीट घेतली असेल, तर आज रात्रीच खालचे टाके बघा. इलास्टिकच्या जागी दोरा दिसला तर उसवा, आणि बुडाचं वर्तुळ पाहिल्याशिवाय मुलाला परत त्यात बसवू नका.