गोधडी मशीनवर: सरळ टिपा की फिरती नक्षी?

भाचीने आजीच्या तीन सुती साड्यांचे थर टाचून ठेवलेत आणि तिथेच अडलीय: पहिल्याच गोधडीवर सरळ टिपा माराव्यात की फिरती नक्षी, म्हणजे कापड हाताने फिरवत काढलेली वळणदार शिवण?

खर्च थोडक्यात. सरळ टिपेला वॉकिंग फूट हवा, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा खास पाय. तो वरचा थर खालच्याबरोबर सरकवतो, म्हणून चुण्या पडत नाहीत. फिरत्या नक्षीला साधा डार्निंग फूट (रफू करायचा पाय) पुरतो, तो बहुधा स्वस्त. सुई दोन्हीकडे १४ किंवा १६ नंबरची.

खरा फरक हातांत आहे. सरळ टिपेत मशीनचे सुईखालचे दातेच कापड पुढे नेतात. ३ मिमीचा टाका लावला की एकसारखा येतो. फिरत्या नक्षीत दाते खाली पाडायचे, मग टाक्याची लांबी तुमचे हात आणि मशीनचा वेग ठरवतात. वळणावर हात जरा घाईत फिरला, की उलट्या बाजूला दोऱ्याचे फासे दिसतात. धुताना हेच फासे बांगडीत अडकून तुटतात. हात बसायला टाकाऊ तुकड्यांवर महिनाभर तरी सराव हवा.

रोज अंथरायची, वरचेवर धुवायची गोधडी असेल तर सरळ टिपा, चार बोटांच्या अंतराने. आजीच्या साड्यांना त्याच माराव्यात. त्या साड्या पुन्हा मिळणार नाहीत. नक्षीची हौस उशीच्या अभ्र्यावर, भिंतीवर लावायच्या तुकड्यावर भागवावी.