२५ फूट की ६ मिनिटं? एमएसमध्ये चाल तपासताना

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं आवरण खराब करणारा आजार) पेशंटची चाल ठरावीक अंतराने मोजायची, यावर कुणाचं दुमत नसतं. कशाने मोजायची, इथे मात्र गाडी अडते. ओपीडीत वेळ नसतो, म्हणून बरेचजण २५ फुटांच्या चाचणीवर भागवतात, म्हणजे तेवढं अंतर चालायला किती सेकंद लागले ते पाहतात. काहीजण ६ मिनिटांच्या चालीचा, म्हणजे तेवढ्या वेळात किती अंतर कापलं ते मोजण्याचा, आग्रह धरतात. फिजिओ म्हणून मी दोन्ही पुष्कळ घेतल्या आहेत आणि माझं मन आता एकीकडे झुकलं आहे. दोन्ही कशा घ्यायच्या हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असं धरून लिहितो.

ईडीएसएसचा, म्हणजे एमएसमुळे आलेलं अपंगत्व ० ते १० मध्ये मांडणाऱ्या मापाचा, आकडा फाइलवर असतोच, पण चालीसाठी तो फार ठोकळ आहे. ६ म्हणजे एका बाजूचा आधार घेऊन साधारण १०० मीटर, ६.५ म्हणजे दोन्ही बाजूंना आधार घेऊन २० मीटर. या दोन पायऱ्यांच्या मध्ये माणसाचं कितीतरी बिघडतं, कितीतरी सुधारतं, आणि आकडा जागचा हलत नाही. म्हणून वेगळी चाचणी लागतेच.

२५ फुटांच्या चाचणीचे गुण खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. जेमतेम साडेसात मीटर जागा लागते, दोनदा चालवून सरासरी काढली की काम झालं. काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्यालाही ती झेपते. २० टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा, हा संकेत सर्वमान्य आहे. एमएसमध्ये चाल सुधारण्यासाठी दिल्या जाणाऱ्या फॅम्प्रिडिन या औषधाच्या चाचण्यांत परिणाम याच मोजमापावर जोखला गेला होता. त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टशी बोलताना हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. एक बारीक अडचण आहे. चांगलं चालणारा पेशंट ४-५ सेकंदांत पार होतो, तेव्हा २० टक्के म्हणजे फार तर सेकंदभर. मग स्टॉपवॉचवरचा अंगठा किती तत्पर, यावर बरंच अवलंबून राहतं. तरी एवढ्यावरून मी ती बाजूला ठेवली नसती.

मला ती खुपते ती वेगळ्याच कारणाने. त्रास सुरू व्हायच्या आत ती संपते. एक बाई दर वेळी सांगायच्या की थोडं चाललं की उजवा पाय उचलत नाही, अडखळायला होतं. रेषेवर उभं केलं की झपझप चालत जायच्या. वेळ मागच्या वेळेइतकीच, कधी किंचित कमीच. बरोबर आलेले नातेवाईक लगेच म्हणायचे, म्हणजे ठीक आहे ना सगळं? त्या गप्प बसायच्या. आकडा चुकीचा नव्हता, पण त्या आकड्यामुळे त्यांचं म्हणणं खोटं पडत होतं, आणि ते माझ्यासमोर, माझ्या कागदावरून. हे मला सहन होईना.

त्याच बाईंना ६ मिनिटं चालवलं. पहिली दोन मिनिटं चाल स्वच्छ. मग वळताना उजव्या बुटाचं टोक फरशीला घासल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तो सरळ चालतानाही यायला लागला. पाऊल वर येईना, तेव्हा त्या कंबर उचलून पाय बाहेरून फिरवून पुढे आणू लागल्या, आणि गुडघा मागच्या बाजूला कडक होऊ लागला. मायलिन हे आवरण गेलेल्या चेतातंतूंतून संदेश मुळात कसाबसा पुढे जातो. सततच्या वापराने आणि अंगातली उष्णता वाढल्याने तो अडखळतो. श्रमानंतर एमएसच्या पेशंटची नजर तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवलं होतं. असा परिणाम सहासात सेकंदांत दिसणार तरी कसा?

मात्र ६ मिनिटांचं नुसतं एकूण अंतर लिहिलं तर निम्मी माहिती वाया जाते. मी दर मिनिटाचं अंतर वेगळं लिहितो. समजा पहिल्या मिनिटात ७० मीटर आणि सहाव्यात ५५ झाले, तर घसरण पाचव्या हिश्शाहून जास्त आहे. एकूण अंतर दुसऱ्या एखाद्या पेशंटइतकंच असेल, पण त्याची चाल शेवटपर्यंत एकसारखी असू शकते. त्या दोघांना दिले जाणारे व्यायाम, आणि पाऊल उचलून धरणाऱ्या स्प्लिंटचा विचार करायचा की नाही, हे सगळं वेगळं ठरतं.

६ मिनिटांच्या चाचणीचा जाच आहेच. लांब मोकळा पॅसेज हवा. तो आखूड असला की वळणं वाढतात, आणि तोल जाणाऱ्या पेशंटचा निम्मा वेग तिथेच जातो. म्हणून जागा दर वेळी तीच ठेवावी. सूचनाही तीच. हृदय-फुप्फुसांच्या पेशंटसाठीची सूचना शक्य तितकं दूर चाला अशी आहे. एमएससाठी २००८ मध्ये मांडलेल्या बदलात शक्य तितकं जलदही चालायला सांगतात. यातली एक धरून राहावं. पेशंट नंतर पार दमतो, म्हणून ही चाचणी सगळ्यात शेवटी, आणि खोली गरम होती का, दिवसाची वेळ कोणती होती, हे बाजूला लिहिलेलं बरं.

२ मिनिटंच चालवण्याचा मधला मार्ग वाईट नाही. एकूण अंतराचा अंदाज त्यावरून चांगला येतो. पण माझ्या पाहण्यात बुटाचा आवाज बहुधा त्यानंतरच सुरू होतो. बारा प्रश्नांची एमएस वॉकिंग स्केल मात्र कुठल्याही चाचणीसोबत द्यावी. गेल्या दोन आठवड्यांचं पेशंटचं स्वतःचं म्हणणं त्यात येतं, आणि बाहेर थांबल्याथांबल्या ती भरून होते.

दोन्ही हातांना आधार लागणारे, पडण्याची भीती असलेले, किंवा फक्त औषधाचा गुण पाहायचा आहे असे पेशंट असतील तर २५ फूटच बरे, तिथे ६ मिनिटांचा हट्ट धरू नये. पण जो स्वतःच्या पायांनी आत आला आणि थोडं चाललं की बिघडतं असं म्हणाला, त्याची पहिली नोंद मी तरी ६ मिनिटांचीच घेईन, आणि मिनिटागणिक. पुढे वर्षभराने तुलना करायला बसाल तेव्हा आजचे हे सहा आकडे मागाहून मिळवता येणार नाहीत.