पापणीवरचे पिवळे चट्टे: ॲसिड, आरएफ, लेझर की टाके?

वरच्या पापणीवर, नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात पिवळसर, मऊ, जरासा उंचावलेला चट्टा येतो. दुखत नाही, खाजत नाही, पण फोटोत तोच आधी दिसतो. डॉक्टर त्याला झॅन्थेलाझ्मा म्हणतात, घरात 'डोळ्यावर चरबी आली' म्हणतात. तो घालवायला आज जे जे विकलं जातं, त्यातलं कशावर पैसे घालावेत ते पाहू.

ऑनलाइन मिळणाऱ्या क्रीमना सरळ शून्य गुण. ही चरबी कातडीवर बसलेली नसते. कातडीच्या आतल्या थरात काही पेशी कोलेस्टेरॉल गिळून फुगलेल्या असतात, आणि तिथवर पोचायचं तर वरची कातडी जाळावी किंवा कापावीच लागते. म्हणून जी क्रीम काहीच करत नाही ती फुकट, आणि जी 'आठवड्यात खपली धरते' तिच्यात बहुधा ॲसिड असतं, तेही किती टक्के हे डबीवर न लिहिता. डोळ्यापासून काही मिलिमीटरवर असलं काही स्वतःच्या हाताने लावणं म्हणजे बुबुळाशी जुगार. ठेचलेल्या लसणाचंही तेच, तो चक्क भाजतो. एरंडेल तेलाने निदान इजा होत नाही. उपयोगही होत नाही.

क्लिनिक निवडताना पहिली परीक्षा मशीनची नाही, रक्ताची. लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), साखर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि लिव्हरच्या तपासण्या न सांगता थेट 'आजच काढून टाकू' म्हणणाऱ्या ठिकाणाहून उठावं. असे चट्टे असलेल्या साधारण निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल निघतं हे खरं. पण कोपनहेगनमध्ये १९७६-७८ पासून १२,७४५ जणांवर सरासरी २२ वर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि २०११ साली निष्कर्ष आला, की हे चट्टे असणाऱ्यांना हार्ट ॲटॅकचा धोका जास्त असतो, कोलेस्टेरॉलचे आकडे हिशेबात धरूनही. तेव्हा रिपोर्ट चांगला आला तरी बीपी, वजन, तंबाखू आणि घरातला हृदयविकाराचा इतिहास यावर फिजिशियनशी बोलायलाच हवं. तरुण वयात चट्टे आणि वडिलांना किंवा भावाला लवकर ॲटॅक, असं असेल तर जास्तच.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी चट्टा जाईल ही आशा मात्र ठेवू नये. गोळी हृदयासाठी असते. आकडा खाली येतो, चट्टा बहुधा जागचा हलत नाही.

लहान, पातळ चट्ट्यांसाठी आमची पहिली पसंती टीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड. स्वस्त, मशीन लागत नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. पण ते करणाऱ्याच्या हातावर आहे. पातळ चट्ट्याला ५० ते ७० टक्के तीव्रतेचं ॲसिड, जाडसर असेल तर ९० च्या पुढे, असा सर्वसाधारण हिशेब. पेशंटला अर्धवट बसवून डोळे मिटायला सांगतात, कातडीवरचा तेलकटपणा पुसतात, भोवती व्हॅसलीनचं कडं करतात. लाकडी काडीच्या टोकाला कापसाचा अगदी बारीक पीळ असतो आणि तो बाटलीच्या काठावर दाबून निथळलेला हवा. थेंब लोंबत असेल तर ती काडी डोळ्याजवळ येताच कामा नये. काही सेकंदांत जागा पांढरी पडते. सगळीकडे सारखी पांढरी झाली की थांबायचं. काही मिनिटं चांगलंच झोंबतं आणि डोळ्याला पाणी येतं. खरा घोटाळा इथे होतो: ओघळणाऱ्या अश्रूला ॲसिड लागलं तर तोच ओघळ ते डोळ्यात ओढून नेतो. म्हणून मदतनीसाने कोपऱ्यात कोरडा कापूस धरून बसायचं आणि सलाइन भरलेली सिरिंज हाताशी ठेवायची. मदतनीसच नसेल तर आपण दुसरं क्लिनिक बघावं.

दुसऱ्या दिवशी पापणी सुजते, मग तपकिरी खपली धरते आणि साधारण आठवड्या-दीड आठवड्यात आपोआप पडते. नखाने काढली की खाली खड्डा किंवा डाग ठरलेला. पुढची सिटिंग तीन-चार आठवड्यांनी. दोन-तीन सिटिंग लागू शकतात, हे आधीच सांगणारा डॉक्टर प्रामाणिक समजावा.

चट्टा जाड किंवा पसरट असेल तर आरएफ (रेडिओफ्रीक्वेन्सी, म्हणजे विजेच्या लहरींच्या उष्णतेने जाळणं) नाहीतर सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर. दोन्हींत भूल देऊन थर-थर उडवत जातात. भुलेच्या इंजेक्शनने पापणी फुगते आणि पिवळी कड दिसेनाशी होते, म्हणून पेनाने खूण इंजेक्शनच्या आधी करायची. लेझरच्या वेळी पापणीखाली धातूची शील्ड हवी, प्लॅस्टिकची वितळते. आरएफला उलट, धातू नको. जळालेला काळा थर ओल्या गॉजने पुसत राहावा लागतो, नाहीतर उष्णता कडेच्या चांगल्या कातडीत शिरते. पिवळं संपलं की हात थांबला पाहिजे. पेसमेकर असेल तर आरएफच्या आधी तसं सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा, मनाने बंद करू नका.

नव्या लेझरची जाहिरात कितीही चकचकीत असो, लहान चट्ट्याला टीसीएपेक्षा फार वेगळा निकाल मिळत नाही. बिल मात्र वेगळं येतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर दोन्हींनंतर काळसर डाग पडू शकतो. काही महिन्यांत तो फिकट होतो, पण तोवर गॉगल आणि जखम भरल्यावर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन सोडायचं नाही. बर्फासारखं गोठवणारं लिक्विड नायट्रोजन पापणीवर नकोच: सूज भरपूर, आणि पांढरा डाग राहण्याची भीती. टॅटू काढायच्या क्यू-स्विच लेझरचा निकालही निराशाजनक.

टाके घालून कापणं हे खोलवर गेलेल्या, मोठ्या चट्ट्यांसाठी, आणि तेही डोळ्यांच्या प्लास्टिक सर्जनकडेच. वरच्या पापणीला सैल कातडी असते, घडीत व्रण लपतो. खालच्या पापणीची कातडी जास्त कापली गेली तर पापणी बाहेर वळते, डोळ्यातून सतत पाणी येतं आणि दुरुस्तीला पुन्हा ऑपरेशन. टाके पाच-सात दिवसांत निघतात.

'कायमचे गेले' अशी हमी कोणी देत असेल तर एक जुना आकडा माहीत असू द्या: १९७६ च्या एका नोंदीत पहिल्यांदा कापल्यावर ४० टक्के पेशंटमध्ये चट्टे परत आले होते, दुसऱ्यांदा कापल्यावर ६० टक्के, आणि चारही पापण्यांवर असतील तर ८० टक्के. त्यामुळे दर विचारताना सिटिंगचा की चट्ट्याचा, आणि वर्षाच्या आत परत आला तर पुन्हा पूर्ण पैसे का, हे लिहून घ्या. सौंदर्योपचार म्हणून मेडिक्लेम सहसा हे बिल नाकारतो. चट्टा घट्ट लागत असेल, झपाट्याने वाढत असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा तिथल्या पापणीचे केस गळत असतील तर ॲसिड-लेझर काहीही नको. आधी नेत्रतज्ज्ञांना दाखवून बायोप्सी.