वेंडेल स्कॉटचं 'अस्सल' स्कोअरकार्ड विकणाऱ्यापासून सावध

अमेरिकेत शार्लटमध्ये राहून नॅसकारचं, म्हणजे इथल्या मोटार शर्यतींचं, वेड लागलं नाही तर नवलच. मला त्यातही जुन्या, मातीच्या छोट्या ट्रॅकवरच्या शर्यतींचे कागद जमवायचा नाद आहे. याच नादावर डोळा ठेवून एकाने मला 450 डॉलरना गंडा घातला. इथल्या मराठी मंडळींतही असले कागद घेणारे हल्ली भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाहिरात होती 1 डिसेंबर 1963 च्या शर्यतीची. ठिकाण जॅक्सनव्हिल, फ्लोरिडा, अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक. वस्तू : 34 नंबरच्या गाडीचं मूळ स्कोअरकार्ड (गाडीच्या फेऱ्या टिपायचा कागद), म्हणजे वेंडेल स्कॉट या कृष्णवर्णीय ड्रायव्हरचं. त्या दिवशी स्कॉटने रिचर्ड पेटीला मागे टाकून 200 फेऱ्यांची शर्यत जिंकली, पण विजेता म्हणून नाव पुकारलं गेलं बक बेकरचं. ट्रॉफी, फोटो, टाळ्या, सगळं बेकरला. स्कॉटने दाद मागितली, कार्डं पुन्हा तपासली गेली आणि लोक घरी निघून गेल्यावर मान्य झालं की स्कॉट दोन फेऱ्यांनी पुढे होता. मोजणीत चूक झाली म्हणे. कृष्णवर्णीय ड्रायव्हर जिंकतो त्याच दिवशी नेमकी चूक व्हावी, हे माझ्या तरी पचनी पडत नाही. स्कॉट 1990 मध्ये गेला. नॅसकारने त्याच्या घरच्यांच्या हाती ट्रॉफी ठेवली ती 2021 मध्ये.

विक्रेत्याला हे सगळं तोंडपाठ होतं. भामट्याची खरी चलाखी इथे आहे. गोष्ट तो अक्षरन् अक्षर खरी सांगतो. घेणारा पडताळून पाहतो ती गोष्ट. ती खरी निघते आणि कागदही तिच्याबरोबर खरा ठरून जातो. शिवाय अशी कार्डं असायचीच. तेव्हा प्रत्येक गाडीमागे एक मोजणारा माणूस बसे, बऱ्याचदा ड्रायव्हरची बायको किंवा नातेवाईक. गाडी समोरून गेली की घड्याळात बघून पेन्सिलीने वेळ टिपायची. "माझे आजोबा तिथे स्कोअरर होते," असं हा गृहस्थ सांगत होता, आणि पुराव्याला आजोबांच्या नावाच्या एका जुन्या पाकिटाचा फोटोही पाठवला होता.

पैसे मात्र "मित्राला पाठवतो तसे पाठवा, कमिशन वाचेल" असं सांगून मागितले. असे पाठवलेले पैसे खरेदीचे धरले जात नाहीत, त्यामुळे तक्रार केली तरी ॲपवाले हात वर करतात. मलाही तेच उत्तर आलं.

कार्ड आलं ते प्लास्टिकच्या जाड पाकिटात, सोबत होलोग्राम चिकटवलेलं प्रमाणपत्र. (असे होलोग्राम रोलच्या रोल विकत मिळतात.) जुन्या कागदपत्रांचा व्यापार करणारे एक वयस्कर गृहस्थ ओळखीचे आहेत, त्यांना दाखवलं. त्यांनी ते पाकिटातून काढलं, उलटं केलं आणि मागच्या बाजूने बोट फिरवलं. पेन्सिलीने घाईघाईत शेकडो आकडे लिहिले की मागे बारीक उठाव येतो. इथे पाठ गुळगुळीत. मग कोपऱ्यातल्या एका आकड्यावर खोडरबर घासला. आकडा जागचा हलला नाही. प्रिंटरची शाई होती ती. कागदाचा पिवळेपणा सगळीकडे एकसारखा, आणि नाकाशी नेलं तर चक्क चहाचा वास! आपल्याकडे शाळेच्या नाटकात शिवरायांचा खलिता असाच करतात.

"फेऱ्या मोज," ते म्हणाले. बरोबर 200. स्कॉट दोन फेऱ्या पुढे होता म्हणूनच तर एवढं रामायण झालं. त्याच्या खऱ्या कार्डावर 202 नोंदी हव्यात.

पाकिटाचा फोटो मी पुन्हा उघडला. टपालाचा शिक्का 1962 चा, आणि पत्त्यात पाच आकडी झिप कोड, म्हणजे इथला पिनकोड. तो अमेरिकेत आला 1 जुलै 1963 ला.

तेव्हा असलं काही घेताना वस्तू प्लास्टिकबाहेर काढून पाठीमागचा, तिरप्या उजेडातला फोटो मागा. खरा विक्रेता कुरकुरेल, पण देईल. पैसे क्रेडिट कार्डानेच द्या. फसलात तर एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे ऑनलाइन तक्रार करता येते. मी केली आहे, पैसे परत आलेले नाहीत.

तो खातेदार अजून धंद्यात आहे. नाव बदललंय, पण लिहिण्याची ढब तीच. या वेळी शार्लट, 19 जून 1949, ग्लेन डनवेचं कार्ड. नॅसकारच्या पहिल्या स्ट्रिक्टली स्टॉक (कारखान्यातून आलेल्या, फेरफार न केलेल्या गाड्यांच्या) शर्यतीत डनवे पहिला आला, पण मागच्या स्प्रिंगांत फेरफार सापडला म्हणून बाद झाला आणि जिम रोपर विजेता ठरला. निकाल फिरलेल्या शर्यतीच हा निवडतो, कारण त्यांची कार्डं हळहळीवर खपतात. फोटो मोठा करून पाहा : तिसऱ्या ओळीतला अर्धवट पुसलेला सात माझ्या कार्डावर होता तसाच, त्याच जागी आहे. किंमत 600 डॉलर मागतोय.