मर्लिन की सीक?

मर्लिन आणि सीक ही रानातलं काय आहे ते ओळखून नाव सांगणारी मोबाइल ॲप. दोन्ही फुकट, जाहिरातींचा ससेमिरा नाही. पण सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पक्षी ओळखायला मर्लिनच सरस. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं हे ॲप. आपल्या भागातल्या पक्ष्यांच्या माहितीचा पॅक घरीच उतरवून घेतला की माळावर नेट नसलं तरी अडत नाही. गवतात दडलेला चंडोल दिसला नाही तरी आवाजावरून त्याचं नाव पडद्यावर येतं. वारा सुटला की मात्र मर्लिनचं काही खरं नाही, आणि सोलापूरच्या माळावर वारा कधी नसतो!

सीक पक्ष्यांपुरतं नाही. बाभूळ, नाकतोडा, सरडा, काहीही कॅमेऱ्यासमोर धरा. खातं उघडावं लागत नाही, त्यामुळे तिसरी-चौथीच्या पोरांच्या हाती बिनधास्त द्यावं. मात्र लांबच्या काळविटापुढे ते हात टेकतं. सोलापुरातल्या कंबर तलावाच्या काठी किडा-मुंगी हाताशी असते, तिथं सीकच काढा.